वकिलाचा डोळा

माझा साडू दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांची तोंडं उघडून आत बघतो आणि संध्याकाळी स्वतःचं तोंड उघडून हसतो. बत्तीसच्या बत्तीस जागेवर. मी त्याला दातवाला म्हणतो; मनात, आणि बायकोसमोर. तोंडावर डॉक्टर. तो मला दादा म्हणतो आणि अगदी मनापासून म्हणतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा. माणूस हलकट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

फोटो काढणं हा माझा धंदा आहे. चौकात स्टुडिओ, त्याच्यामागे दोन खोल्यांत संसार. लग्नं, वाढदिवस, शाळेच्या वर्गांचे रांगेतले फोटो. अर्धं आयुष्य यात गेलं. आणि ह्याने गेल्या वर्षी हौस म्हणून कॅमेरा घेतला. साधा घेतला असता तरी चाललं असतं. ह्याने घेतला तो असा, की पक्ष्याचा डोळा म्हणे कॅमेराच शोधतो. पक्षी चौकटीत शिरला की एक हिरवा चौकोन जाऊन त्याच्या डोळ्यावर बसतो आणि गोचिडीसारखा चिकटून राहतो. पक्षी वळू दे, गिरकी घेऊ दे, चौकोन सोडत नाही. दातवाल्याने फक्त बोट दाबायचं.

माझ्या कॅमेऱ्यात मधोमध एक ठिपका आहे. तो पक्ष्याच्या डोक्यावर धरून ठेवायचं काम माझ्या हाताचं. पळत्या सायकलवाल्याच्या शर्टाला बटण लावून बघा, म्हणजे कळेल. ठिपका जरा घसरला की फोकस मागच्या इमारतीवर जातो, आणि मग पाण्याची टाकी काय सुंदर येते! शिवाय लांब पल्ल्याचं भिंग. दहा-बारा पावलांवरून पक्षी गेला तर शार्प येते ती वीतभर जागा. त्या वितीत शेपूट आलं तर चोच गेली, पंख आला तर डोळा गेला. आणि डोळा गेला की फोटो गेला. बाकीचा पक्षी कितीही चकचकीत असू दे, डोळा पुसट असला की पेंढा भरल्यासारखा दिसतो.

एवढं सगळं मला कळतं. कळून उपयोग काय झाला ते सांगतो.

सासऱ्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो. मामांनी नोकरी पाणीपुरवठ्यात केली, पण जीव कबुतरांत. घराच्या गच्चीवर जाळीचं मोठं खुराडं, आणि त्यांच्यासारखेच आणखी काही वेडे मित्र. या लोकांची एक रीत आहे. आपण माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, हे कबुतर डोळ्यावरून ओळखतात. पक्षी मुठीत धरायचा, उन्हाकडे मान वळवायची आणि बुबुळातले रंग, कडा, दाणे बघत बसायचं. बायकोच्या डोळ्यांत इतकं बघितलं असतं तर सासूबाई सुखाने गेल्या असत्या. हे माझं नाही, सासूबाईंचंच शेवटच्या दुखण्यातलं वाक्य.

मामांचा लाडका पक्षी म्हणजे वकील. छाती काढून चालायचा आणि कारण नसताना भांडायचा, म्हणून वकील. अंग राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे. असली कबुतरं कुठल्याही पत्र्यावर बसलेली असतात. पण वकिलाचा डोळा मोत्यासारखा पांढरा, आणि उजव्या डोळ्यात खालच्या कडेला एक लाल ठिणगी. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा मामांनी ती ठिणगी दाखवलेली आहे. वकिलाचा पोरगा होता, त्याला ज्युनिअर म्हणायचे. बापाचा रंग, बापाचे पट्टे, बापाची ऐट. डोळाही पांढरा. ठिणगी तेवढी नाही.

मामांचे गुडघे गेले. तीन जिने चढणं होईना. ठरलं असं की घर सोडायचं आणि धाकट्या मुलीकडे, म्हणजे दातवाल्याकडे राहायला जायचं. तिथे लिफ्ट आहे. माझ्याकडे लिफ्ट नाही, जागा नाही, आणि मला कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, पण विचारायला काय हरकत होती?

पक्षी मित्रांनी वाटून घ्यायचे, वकील तेवढा मामांबरोबर जाणार. मामा आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "नव्या घरात मला एकच गोष्ट पाहिजे. पलंगासमोरच्या भिंतीवर वकिलाचा फोटो. उडतानाचा. डोळा दिसला पाहिजे. डोळा नसेल तर मग कावळ्याचा लावा, मला काय. डॉक्टर, तुम्ही काढा. फोटोवाले, तुम्हीही काढा."

डॉक्टर आणि फोटोवाले. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "फोटो काढून पोट भरतं?" तेव्हापासून मी फोटोवाले. दुधवाले, पेपरवाले, फोटोवाले. त्या क्षणी मी ठरवलं, ती भिंत माझी. राहू दे म्हातारा त्याच्या घरात, जेवू दे त्याच्या टेबलावर; पण सकाळी डोळा उघडला की समोर माझा फोटो दिसला पाहिजे. आणि दातवाल्याला स्वतःच्या घरात तो रोज पुसायला लागला पाहिजे.

शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर जमलो. कबुतर वाऱ्याच्या तोंडावर झेप घेतं. म्हणजे वारा आणि ऊन पाठीशी घेऊन उभं राहिलं की ते आपल्या अंगावर येतं, आणि डोळ्यात उजेड असतो. ही अक्कल मी स्वतः ठेचा खाऊन मिळवली आहे. मी कठड्याजवळचा कोपरा धरला. दातवाला वर आला, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दादा, तुम्ही इथे आहात म्हणजे हीच जागा बरोबर."

घ्या. मी सरकून जागा दिली.

मामांनी खुराड्याचं दार उघडलं. आतून फडफडाट झाला आणि सगळा थवा एकदम बाहेर पडला. मामा काठी उंच करून ओरडले, "निघाला! वकील निघाला! पुढचा बघा, पुढचा!"

उडत्या पक्ष्याचा फोटो काढताना दुसरा डोळा मिटायचा नसतो. एक डोळा कॅमेऱ्यात, दुसरा उघडा, म्हणजे पक्षी चौकटीत शिरायच्या आधी दिसतो आणि हात तयार राहतो. माझा दुसरा डोळा उघडा होता. पण तो दातवाल्यावर होता. काय करणार! माझा कॅमेरा खटाखटा वाजतो आणि त्याचा मुका. तो काढतोय का नुसता उभा आहे, ते कळायला बघावंच लागतं. थवा वळून यायचा, मी ठिपका डोक्यावर धरायचो, आणि नेमक्या त्या वेळी वाटायचं, ह्याला मिळाला की काय! तेवढ्यात पक्षी गेलेला असायचा आणि चौकटीत टाकी.

थवा उतरला. मामांनी दातवाल्याच्या कॅमेऱ्यात डोकं घातलं.

"अरे वा! अरे वा डॉक्टर! पिसं मोजून घ्यावीत!"

मग माझ्याकडे आले. एक बघितला, दुसरा बघितला, पाचवा बघितला.

"फोटोवाले, शेपूट मात्र झकास आलंय."

मेहुणी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती फिस्कन हसली. माझी बायकोही हसली. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढचं ऐका. मोठी प्रिंट काढायचं मशीन कुणाकडे? माझ्याकडे. दातवाल्याने फोटो पाठवला आणि वर फोन. "दादा, प्रिंट तुमच्याच हातची पाहिजे. दुसऱ्या कुणाकडे देणार नाही मी." म्हणजे माझ्या सासऱ्याच्या भिंतीवरचा त्याचा फोटो मीच छापायचा. दातांतल्या दातांत शिव्या देत मी तो पडद्यावर उघडला आणि खोट शोधायला बसलो. काहीतरी असणारच. कुठेतरी हललेलं असेल, कडा फाटल्या असतील, डोळा आहे आहे म्हणतात पण मोठा केल्यावर मेणासारखा असेल.

मोठा केला. आणखी मोठा केला. पापणीची कड दिसत होती. बुबुळातले दाणे दिसत होते. असा फोटो मला आयुष्यात जमलेला नाही आणि जमणार नाही, हे मला त्या पडद्यासमोर कळलं. डोळ्यावरून नजर हलेना. बघतो तर डोळा पांढरा, स्वच्छ, मोत्यासारखा.

स्वच्छ.

उजवीच बाजू होती. ठिणगी नव्हती. रंगाची काहीतरी गडबड असेल म्हणून सगळं करून बघितलं, उजेड वाढवला, कमी केला. नव्हतीच. हा वकील नव्हताच. दातवाल्याने ज्युनिअर काढला होता.

मी खुर्चीतून उठून नाचलो. खोटं कशाला बोलू?

बायको आतून आली. "काय झालं? पंख फुटले की काय?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने बापाऐवजी पोरगा काढलाय. हे बघ. हिरवा चौकोन म्हणे! चौकोनाला डोळा कळतो, कुणाचा ते कळत नाही."

तिने वाकून बघितलं. तीही कबुतरवाल्याचीच पोर. लगेच ओळखलं. मग म्हणाली, "बाबांना जाऊन हळूच सांगा. आत्ता जा."

"मी? मी कशाला सांगू? मी सांगितलं तर म्हणतील जळतोय."

"जळताच आहात की. धूर इथपर्यंत आलाय."

"मी छापणार आहे. असा छापणार आहे की ठिणगी नाही हे आंधळ्यालाही दिसेल. भिंतीवर लागू दे. त्यांचे मित्र येऊ देत. ते बघतील काय ते."

"आणि चार लोकांत तुम्ही तोंड उघडू नका," ती म्हणाली. "मी सांगून ठेवते. एक अक्षर बोलू नका."

ती प्रिंट मी जशी जीव ओतून काढली, तसं काम मी स्वतःच्या लग्नाच्या फोटोंनासुद्धा केलेलं नाही. कागद सगळ्यात भारी लावला. डोळा तर असा काढला की खोलीत कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतोय. प्रेमाने माणूस मन लावून काम करतो म्हणतात. करत असेल. जळणारा माणूस त्याहून जास्त मन लावतो.

दातवाल्याच्या घरी मंडळी जमली. मामांचे दोन मित्र होते. एक निवृत्त टपालवाले, दुसरा शिंपी. दोघंही मामांइतकेच म्हातारे आणि मामांइतकेच कबुतरवेडे. घरचा कार्यक्रम म्हणजे कॅमेरा मी आणायचा, हे न सांगता ठरलेलं असतं. तो गळ्यात होताच. दातवाल्याने फ्रेम टांगली, वरचा कागद ओढला आणि बाजूला झाला.

मामा बघत राहिले. शिंपी पुढे झाला, नाक फ्रेमला लावून डोळा बघितला आणि मागे सरकला. टपालवाले पुढे झाले, त्यांनीही बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आता बोलतील. आता बोलतील.

टपालवाले म्हणाले, "छान आहे हो. फारच छान."

शिंपी म्हणाला, "डोळा काय आलाय!"

"आमच्या डॉक्टरांनी काढला," मामा म्हणाले. "वकील असा उडतो अजून. बघा, या वयात!"

दातवाला लाजला. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "माझं काही नाही हो, कॅमेराच करतो. दादांनी प्रिंट बघा कसली काढलीये."

तिथे माझं डोकं फिरलं. बायको माझ्या कोपराला चिमटा काढत होती, तो मला कळत होता. तरी मी म्हणालो, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "मामा, हा वकील नाही."

टपालवाल्यांनी शिंप्याचा हात दाबला.

"ठिणगी कुठे आहे? उजवा डोळा आहे. ठिणगी नाही. हा ज्युनिअर आहे. डॉक्टरांनी चुकीचा पक्षी काढलाय."

दातवाल्याचा चेहरा उतरला. इतके दिवस ज्याची वाट बघितली तो चेहरा मला मिळाला, पण नीट बघायलाही मिळाला नाही, कारण मामा माझ्याकडे वळले होते.

"बरं," ते म्हणाले. "तुमच्या फोटोंत कोण आहे, फोटोवाले?"

"वकील."

"दाखवा."

त्यातल्या त्यात बरा एक मी फोनमध्ये ठेवला होता. दाखवला. मामांनी तो टपालवाल्यांना दिला, त्यांनी शिंप्याला.

"डोळ्यात काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

शिंप्याने फोन लांब धरला, जवळ धरला. "कापूस," तो म्हणाला.

"मग बाप का पोरगा, कशावरून म्हणता?" मामा मला म्हणाले. "त्या दिवशी वकील उडलाच नाही. आत टोपलीत झाकून ठेवला होता मी. तुम्ही दोघांनीही ज्युनिअरच काढलाय. डॉक्टरांचा निदान ओळखू तरी येतो."

टपालवाल्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. ते रागावले नव्हते, उलट समजावल्यासारखे बोलले, आणि तेच जास्त लागलं. "जावईबापू, आम्हाला आत आल्या आल्या दिसलं होतं. आम्ही बोललो का?"

मी गॅलरीत निघून गेलो. मागे मेहुणी मोठ्याने सगळ्यांना बिस्किटं घ्या बिस्किटं घ्या म्हणू लागली. दातवाला माझ्यामागे येत होता, त्याला बायकोने अडवलेलं मी ऐकलं. "राहू द्या भाऊजी, आत्ता नको. चावतील."

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. मामा आले, कठड्याजवळच्या खुर्चीत टेकले. पायाशी वेताची टोपली होती, तिचं झाकण काढून त्यांनी वकिलाला बाहेर घेतलं आणि त्याचा डावा पंख उघडून धरला. सांधा सुजून कडक झाला होता.

"गेल्या थंडीपासून असा आहे," ते म्हणाले. "पंख उघडतो, मिटतो, बस. मी रोज या मित्रांना सांगत आलो, आज पण सगळ्यांत पुढे होता म्हणून."

"त्यांना माहीत होतं, मामा. ते बोललेच ना आत्ता."

"माहीत असू दे. कुणी बोललं नव्हतं." त्यांनी पंख सांभाळून मिटला. "आता बोलणारा भेटला."

मला माफी मागता आली असती. जिभेवर आली होती. पण आतून दातवाल्याचा आवाज आला, शिंप्याला हिरवा चौकोन समजावून सांगत होता, आणि ती पुन्हा घशात गेली.

मामांनी वकिलाला कठड्यावर ठेवलं. तो छाती काढून बसला.

"काढा याचा," मामा म्हणाले.

"तुम्हाला उडतानाचा पाहिजे होता ना?"

"उडताना कुठून काढणार? हा उडत नाही, आणि उडणारा तुम्हाला सापडत नाही. जुळतंय तुमचं. काढा."

मी गुडघ्यावर बसलो. ठिपका डोळ्यावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. पहिल्याच बोटाला फोकस लागला. एवढं सोपं असल्याचाच मला राग येत होता. ऊन बाजूने होतं, वकिलाने मान जरा वळवली, मी दाबलं.

मामांनी कॅमेरा हातात घेतला. मी मोठा करून दाखवला. ठिणगी होती, अगदी कडेसकट, पेटल्यासारखी. म्हातारा किती वेळ बघत होता कोण जाणे. शेवटी म्हणाला, "आला."

एवढंच. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून माझ्या कामाला मिळालेला हा पहिला शब्द.

"मोठा करून देतो," मी म्हणालो. "त्याच्याइतकाच. शेजारी लावू."

"मोठा नको. खिशात मावेल एवढा करा."

"खिशात? भिंतीवर जागा आहे की."

"भिंतीवरचा आल्यागेल्याला दाखवायला. त्यात वकील उडतोय, बरं आहे ते. हा मला एकट्याला."

यावर दुसरा एखादा सुखावला असता, डोळे भरून आले असते त्याचे. माझे नाही आले. आल्यागेल्याला दाखवायचा तोच तर मला पाहिजे होता. खिशातला फोटो कोण बघतं? धोब्याकडे जाईल शर्टाबरोबर.

मी आत आलो. टपालवाले म्हणत होते, डॉक्टर, तुम्ही फ्रेमच्या खाली उभे राहा, आम्ही इकडून तिकडून राहतो, मामांना खुर्ची द्या, एक फोटो होऊन जाऊ दे. मेहुणीने केस नीट केले. माझी बायकोही जाऊन रांगेत उभी राहिली. मधोमध दातवाला, त्याच्या डोक्यावर त्याचा फोटो, आणि सगळे माझ्याकडे बघत.

"दादा, तुम्ही पण या ना," दातवाला म्हणाला. मघाशी त्याला मी चार लोकांत खाली बघायला लावलं होतं, तरी म्हणाला.

"मग काढणार कोण?" मी म्हणालो, आणि कॅमेरा डोळ्याला लावला.